उतरायची जागा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या टपावर होतो. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, काळ्याकुट्ट बोगद्यात, मांडीवर ग्रीसचा डबा आणि दातात टॉर्च. टपावर असताना फोन घ्यायचा नाही हा नियम आहे, आणि तो मीच आमच्या कंपनीत येईल त्याला घसा बसेपर्यंत शिकवलेला आहे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! पण गेले पाच महिने वहिनीचा फोन वाजला की हात माझं ऐकत नाही, तो आपला खिशात जातोच. मी टॉर्च दातांतून काढली आणि म्हटलं, "वहिनी, कामावर आहे. काय झालं? दादा बरा आहे ना?" ती म्हणाली, "अरे काही झालं नाही, लगेच घाबरतोस काय? एवढंच विचारायचंय. त्या व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणत होत्या, ह्यांचा आधीचा, चालतानाचा, उभं असतानाचा एखादा व्हिडिओ आहे का. भार कुठल्या पायावर द्यायचे, खांदा कसा ठेवायचे, ते बघायचंय म्हणे. मी सगळा मोबाइल उपसला. ह्यांचा एक फोटो उभा असेल तर शपथ! सगळीकडे आपले बसलेले, नाहीतर दुसऱ्यांचे फोटो काढणारे. मग आठवलं, तुमच्या त्या विमानात कॅमेरा होता की. त्या दिवशीसुद्धा होता. त्यात असतील ना रे ते उभे?"

वहिनी हेलिकॉप्टरला कायम विमानच म्हणते. दादाने तिला शंभरदा सांगितलं असेल, अगं विमान वेगळं, हेलिकॉप्टर वेगळं. तर ती म्हणायची, दोन्ही डोक्यावर पडली की सारखीच लागतात. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि वरून, यंत्रखोलीतून, माझा जोडीदार मामा ओरडला, "सोडू का?" आमच्या कामात हेच चालतं. वरचा विचारतो, सोडू का; टपावरचा म्हणतो, सोड; मगच वरचा लिफ्ट हलवतो. खालचा बोलला नाही तर वरच्याने बोट हलवायचं नाही, मग खालचा तिथे झोपलेला असो नाहीतर मेलेला. मामा पुन्हा ओरडला आणि मी "थांब" म्हणायच्या ऐवजी फोनमध्ये "हो" म्हणालो. "आहे वाटतं," मी वहिनीला म्हणालो, "बघतो." "बघतो नको, रविवारी घेऊनच ये," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "त्या बाईंचं जाऊ दे रे. मलाच बघायचंय. मला आठवेनासं झालंय, ते उभे राहिले की माझं डोकं त्यांच्या कुठे लागायचं." फोन खिशात ठेवला. मी लिफ्टचा दोर धरला. टपावर असताना दोर धरू नये हेही मीच शिकवतो. मामाचा आवाज आला, "अरे आहेस की गेलास?" मी म्हणालो, "आहे."

आहे. कुठे आहे, हा प्रश्न मला एकदा पडला होता आणि त्याचं उत्तर द्यायला मला दोन मिनिटं दहा सेकंद लागली, म्हणून तर हे सगळं. मला तत्त्वज्ञान वगैरे कळत नाही, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पण हेलिकॉप्टरचं खूळ आमच्या घरात दादाने आणलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सगळा जन्म एका शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसण्यात, तारा जोडण्यात आणि फुटलेल्या नळ्यांबद्दल मुख्याध्यापकांची बोलणी खाण्यात गेला. निवृत्त झाला आणि महिन्याभरात त्याने सुटे भाग मागवून रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर जोडायला घेतलं. खेळण्यातलं नव्हे. पंख्याची पाती हातभर लांब, फिरायला लागली की गवत आडवं व्हावं, बोट मध्ये गेलं तर बोट परत न यावं. त्याच्या नाकावर एक कॅमेरा बसवला, आणि कॅमेऱ्याला दिसेल ते खाली उभ्या माणसाच्या डोळ्यांवरच्या चष्म्यात दिसायचं. चष्मा म्हणजे तरी काय, डोळ्यांना बांधायचं काळं खोकंच. ते बांधलं की आजूबाजूचं जग बंद. हेलिकॉप्टर बघेल तेवढंच दिसणार. म्हणून हा खेळ एकट्याने खेळायचा नाही. एकाने चष्मा बांधून उडवायचं, दुसऱ्याने उघड्या डोळ्यांनी शेजारी उभं राहून सांगत राहायचं: डावीकडे तार आहे, घार आली, मैदानात म्हैस शिरली. दादा उडवायला बसायचा तेव्हा मी डोळा, मी उडवायचो तेव्हा दादा डोळा. खरं तर दादाच कायम डोळा असायचा. त्याने जोडलं, त्याने शिकवलं, आणि मग सगळी हौस माझ्या हातात देऊन हा आपला शेजारी उभा. लहानपणी पतंग उडवताना फिरकी धरून उभा राहायचा तसाच. मी म्हणायचो, "दादा, तू घे की." तो म्हणायचा, "तू पाड आधी, मग मी घेतो." पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितला होता. रिमोटवर डाव्या बोटाखाली एक खटका असतो, तो ओढला की मोटर बंद, हेलिकॉप्टर असेल तिथून दगडासारखं खाली. "माणसाचा प्रश्न आला की हा खटका ओढायचा," दादा म्हणाला, "यंत्र गेलं खड्ड्यात. विचार करायचा नाही. पुन्हा जोडू." मला ते दहा वेळा म्हणायला लावलं, शाळेतल्या पोरासारखं.

पहिल्यांदा चष्मा बांधून मी हेलिकॉप्टर वळवलं, आणि समोर दोन माणसं दिसली. बंद पडलेल्या कारखान्यामागचं मैदान, दोन इवलीशी माणसं, दोघांच्या डोक्यावर सारख्या खाकी टोप्या. त्यातला एक वेड्यासारखा पुढेमागे डोलत होता. मी म्हणालो, "दादा, हा कोण येडा?" दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने माझ्या दंडाला धरून मला सरळ केलं, तेव्हा तो डोलणारा सरळ झाला. मला मळमळलं. आपण वर असतो आणि आपल्याला खाली आपण दिसतो; आपले पाय कुठे आहेत ते पायांना कळत नाही. दादा म्हणाला, खुर्चीवर बसून उडव, सगळे बसूनच उडवतात. मी काही दिवस बसून उडवलं आणि मग माज आला. उभं राहून उडवायला लागलो. ताठ, ढिम्म, दोन्ही अंगठे फक्त हलत. दादा कौतुकाने म्हणायचा, खांब आहेस खांब. आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं. आठवडाभर मी बोगद्यात वाकून, कुबड काढून काम करतो, मान वर करायला जागा नाही. रविवारी सकाळी आठ मिनिटं मी सगळ्यांच्या वर. बॅटरी आठच मिनिटं पुरते. आठ मिनिटांत मी टाकी, चिमणी, रेल्वेचे रूळ, शाळेची गच्ची, सगळं बघून यायचो, आणि ह्या आठ मिनिटांत मला शरीर नसायचं. गुडघे नाहीत, कंबर नाही, बायकोची कटकट नाही. खाली कोणीतरी एक माणूस चष्मा बांधून उभा आहे, त्याच्याशी माझा संबंध फक्त बॅटरीपुरता.

त्या दिवशीही सकाळच होती, सव्वाआठ-साडेआठ. ऊन कोवळं, वारा पडलेला. मी चिमणीला वळसा घालून परत निघालो आणि दादा ओरडला, "ये, चटई टाकतो." हा आमचा शेवटचा भाग. धुळीत उतरवलं तर धूळ मोटरीत जाते, म्हणून दादाने एक जुनी प्लॅस्टिकची चटई आणली होती, तिच्यावर रंगाने फुली मारलेली. तो ती दहा पावलांवर नेऊन अंथरायचा, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायचा आणि मग दोन्ही हात वर करून हलवायचा: जागा मोकळी आहे, या. मी वरून हेलिकॉप्टरची शेपूट इकडेतिकडे हलवायचो, म्हणजे आलो. त्या दिवशी मला चष्म्यात दिसलं, दादाने चटई टाकली, वाकून विटा ठेवल्या, उभा राहिला आणि हात वर केले. एकच हात नीट वर गेला. दुसरा अर्ध्यावर. तो हलवत राहिला, नेहमीपेक्षा जोरात, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी शेपूट हलवली. त्याने पुन्हा हात हलवला, मी पुन्हा शेपूट हलवली. मला वाटलं, आज म्हातारा रंगात आलाय. मग तो चटईवर खाली बसला. बसला, आणि आडवा झाला, आणि टोपी तोंडावर आली. मोटरीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. "अरे" असं काहीतरी आलं असेल. आलंच असेल.

आता मी जे केलं ते सांगतो, कारण ते कोणी विचारलं नाही. मी चिडलो. दादाला चेष्टेची खोड. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला टोपी घालून मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसवणारा माणूस हा. मला वाटलं, उतरायच्या फुलीवरच आडवा पडून हा माझी गंमत बघतोय, आणि बॅटरी संपत आलीय. मी ओरडलो, "दादा, ऊठ की! लहान आहेस का?" हेलिकॉप्टर त्याच्याभोवती एक वळसा घालून आणलं. तो हलला नाही. मग मला शंका आली. आणि शंका आल्यावर कुठलाही शहाणा माणूस काय करेल? डोळ्यांवरचं खोकं काढून दहा पावलं पळत जाईल. मी काय केलं? मी आणखी खाली आलो. नीट दिसावं म्हणून. नाक खाली करून कॅमेरा त्याच्या अंगावर धरला, पंख्याच्या वाऱ्याने त्याचा शर्ट फडफडायला लागला, तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं की हा हलतोय. दुसरा वळसा घातला. पलीकडून बघितलं. मला कोणी मूर्ख म्हणो, नालायक म्हणो, पण माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं, की दादा खाली आहे आणि मी वर आहे, आणि त्याच्याकडे जायचं तर मला आधी उतरलं पाहिजे. उतरायला जागा नाही, कारण जागेवर तोच पडलाय. मी त्याच्याजवळ, त्याच जमिनीवर उभा आहे, ही गोष्ट मला सुचलीच नाही. चष्म्यात मला तो दिसत होता, त्याच्यापासून दहा पावलांवर ताठ उभा असलेला दुसरा माणूसही दिसत होता, हातात रिमोट धरलेला. आणि एक क्षण, देवाशपथ, मला त्या माणसाचा राग आला. शेजारी माणूस पडलाय आणि हा बघतसुद्धा नाही!

मग मी दुसरी जागा शोधली. गवतात. दगड आहेत का बघितलं. हळू, अगदी हळू, दादाने शिकवलं तसं, काचेचं भांडं ठेवावं तसं उतरवलं. पातं थांबलं. मग चष्मा काढला, आणि उन्हाने डोळे दिपले, आणि दादा किती जवळ होता ते दिसलं. खटका माझ्या बोटाखालीच होता. सबंध वेळ बोट त्याच्यावरच होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कोसळल्यावर किती वेळात उचललं? सोबत कोण होतं?" त्या वेळी माझ्या हातावर दादाच्या तोंडातला फेस वाळला होता. मी म्हणालो, "मी गाडीपाशी होतो. दुसरी बॅटरी आणायला गेलो होतो. उडवत तोच होता. मी आलो तेव्हा खाली पडलेला." हे वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. आधी ठरवलेलं नव्हतं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे. आत नसलेलं वाक्य बाहेर आलं, आणि ते मी मागे घ्यायच्या आत वहिनीने ऐकलं, बायकोने ऐकलं, नर्सने कागदावर लिहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं होतं, मेंदूला रक्त कमी पडलं, त्या पहिल्या मिनिटांना फार महत्त्व असतं. पुढे एकदा मी त्यांना जिन्यात गाठून, दुसऱ्याच कोणाचं विचारल्यासारखं विचारलं, "समजा अर्धं मिनिट आधी उचललं असतं तर?" ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." सांगता येत नाही! नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो. हो म्हणाले असते तर एकदाचा मेलो असतो. सांगता येत नाही म्हणजे रोज सकाळी उठून आपलं आपणच विचारायचं. वहिनीने मात्र मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. उलट तीच माझी समजूत काढायची: "तू बॅटरी आणायला गेला होतास, त्यात तुझा काय दोष? ह्यांनाच धीर नाही, तू येईपर्यंत बसायचं होतं खुर्चीवर." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी मान हलवायचो.

कॅमेऱ्यातलं कार्ड मी त्याच दिवशी काढून घेतलं होतं. नखाएवढं कार्ड. फेकून द्यायला किती वेळ? लिफ्टच्या खड्ड्यात टाकलं असतं तर पुढची वीस वर्षं कोणाला मिळालं नसतं. पण टाकवलं नाही, कारण दादा नीट दिसतो असं माझ्याकडेही दुसरं काही नाही. ते मी हत्यारांच्या पेटीत, फ्यूजच्या डबीत ठेवलं होतं. वहिनीचा फोन आला त्या दुपारी, मामा जेवून भिंतीला टेकून डुलक्या घेत होता तेव्हा, यंत्रखोलीत बसून मी ते पहिल्यांदा बघितलं. आवाज नाही, नुसतं चित्र. कोपऱ्यात सेकंद पळतायत. चिमणी आली, रूळ आले, मैदान आलं. सगळ्या आठ मिनिटांत दादा उभा दिसतो तो फक्त शेवटी, चटई टाकताना आणि हात हलवताना, सगळी मिळून एकोणीस सेकंद. आणि लगेच त्याला जोडून बाकीचं. हात खाली गेला तेव्हाचा आकडा मी बघितला आणि गवत आलं तेव्हाचा आकडा बघितला. वजाबाकी केली. दोन मिनिटं दहा. माझा हिशेब होता, फार तर अर्धं मिनिट. वळसेसुद्धा मला दोन आठवत होते, तिथे चार होते. मामा डोळे न उघडता म्हणाला, "काय बघतोस रे, सिनेमा?" मी म्हणालो, "भाऊ." तो म्हणाला, "बरा आहे ना आता?" मी म्हणालो, "हो, बसतो." खोटं नव्हे, बसतोच तो. बसवलं की बसतो, हात धर म्हटलं की डाव्या हाताने धरतो, तोंड उघड म्हटलं की उघडतो. बोलत नाही. ऐकतो किती, समजतं किती, त्या व्यायामाच्या बाई म्हणतात बरंच समजतं, आणि डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही.

रविवारपर्यंत मी काय काय ठरवलं ते सांगत बसलो तर माझंच मला हसू येईल. सोमवारी ठरवलं, कार्ड खराब झालं म्हणून सांगायचं. मंगळवारी वाटलं, पाच महिन्यांत वहिनीने काही मागितलं नाही, नवरा उभा दिसावा एवढंच मागतेय, आणि मी तेही देत नाही म्हणजे मी माणूस की कोण? बुधवारी ठरवलं, सगळं सांगून टाकायचं. गुरुवारी मी तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. शुक्रवारी मधला मार्ग सापडला, आणि मधला मार्ग सापडला की मी नेहमीच खूश होतो: एकोणीस सेकंद दाखवायची आणि बोट ठेवून थांबवायचं. उभा दादा, हात वर केलेला दादा. बस्स. पुढे बॅटरी संपली म्हणायचं. मग हळूहळू, सवडीने, योग्य वेळ बघून बाकीचं सांगायचं. योग्य वेळ! लिफ्ट कधी बंद पडणार हे जसं आधी कळतं तशीच ती वेळ कळणार होती.

दादाचा पलंग आता बाहेरच्या खोलीत खिडकीशी आहे. शिवणयंत्र हलवून तिथे पलंग लावलाय, त्यामुळे वहिनी स्वयंपाकघराच्या दारात यंत्र घेऊन बसते आणि लोकांचे ब्लाउज शिवता शिवता त्याच्यावर नजर ठेवते. मी गेलो तेव्हा तिने दादाला उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते. "बघा, कोण आलंय," ती त्याला म्हणाली, "आज तुमचा सिनेमा आहे." दादाने माझ्याकडे बघितलं. तो बघतो तेव्हा नेमकं बघतो; डोळे तेवढे पूर्वीचेच आहेत. मी त्याच्या पायांशी बसलो, मोठ्या पडद्याचा टॅब मांडीवर ठेवला, वहिनी मधे आली. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती. मी शेवटापासून थोडं आधी लावलं. मैदान आलं. माझं बोट तयार होतं. कॅमेरा वळला आणि खाली दोन माणसं दिसली, सारख्या खाकी टोप्या, तिनेच एका कापडातून शिवलेल्या.

"थांब, थांब," वहिनी म्हणाली, आणि माझ्या हातातून टॅब काढून घेऊन तिने तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ. "अगंबाई! हे बघा! हे बघा तुम्ही!" मी म्हटलं, "वहिनी, द्या, मी थांबवतो." "थांबव कशाला? बघू दे की." चटईवरच्या दादाने हात वर केला. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिचं बोट काचेवर होतं, चटईपासून दहा पावलांवर, चष्मा बांधलेल्या, रिमोट धरलेल्या माणसावर. "कसे ताठ उभे आहेत रे," ती म्हणाली. "मी म्हणत नव्हते? भार दोन्ही पायांवर सारखा आहे. सांगते त्या बाईंना. आणि खांदे बघ. तू आपला कायम वाकलेला, पण ह्यांचे खांदे पहिल्यापासून असेच." तिने डोळे पुसले, पदराने नाही, मनगटाने, कारण हात टॅबमध्ये गुंतलेले होते. "मी उगाच म्हणत होते विसरले म्हणून. हे असेच. ह्यांच्या खांद्याला लागायचं माझं डोकं."

मी वरून बघून स्वतःला ओळखलं नव्हतं, तेव्हा तिला काय म्हणणार? मीच सांगितलं होतं ना, उडवत तोच होता म्हणून. हे मी बॅटरी आणायला जायच्या आधीचं असणार, असंच तिने धरलं असेल. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "वहिनी," मी म्हणालो. "अं?" ती म्हणाली आणि हसली. "आणि हा तू! हे काय रे, चटईवर लोळतोयस? झोपा काढायला जायचास होय तिकडे?" शर्ट फडफडत होता. पहिला वळसा झाला, दुसरा झाला. तिचं हसू हळूहळू कमी झालं. "की पडलास रे? पाय घसरला का? बराच वेळ पडलायस. कधी बोलला नाहीस." तिसरा वळसा, चौथा. "आणि हे बघ, हे! हलायला तयार नाहीत. भाऊ पडलाय शेजारी आणि हे आपले ढिम्म उभे, खेळतायत." गवत जवळ यायला लागलं, आणि माझा हात एकदाचा पुढे गेला आणि मी चित्र थांबवलं.

वहिनी दादाकडे वळली. खूप दिवसांनी तिच्या आवाजात जुना लाडाचा राग आला होता. नवऱ्यात काहीतरी खोट सापडली की तिला नेहमी जोर यायचा. "काय हो? शोभतं का हे? सख्खा भाऊ पडलाय आणि तुम्हाला त्याचं काहीच नाही? एवढं काय ते विमान जिवापाड! उचलायचं नाही त्याला?" दादा तिच्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "हां, त्याच्याकडेच बघा," वहिनी म्हणाली. "कान धरा. धरा कान त्याच्यासमोर." ती हसत होती, आणि तिच्या गालावर पाणी तसंच होतं. मी म्हणालो, "वहिनी, नको. वहिनी, राहू द्या." माझा आवाज कुठून येत होता मला कळत नव्हतं. दादाचा डावा हात चादरीवरून उचलला गेला. त्याला फार वेळ लागतो. हात छातीपर्यंत आला, थांबला, थरथरला, मग हनुवटीपाशी आला, गालावरून चाचपडत गेला, आणि त्याने कान शोधला आणि दोन बोटांत धरला. सबंध वेळ त्याचे डोळे माझ्यावर होते. त्याला काय कळलं होतं, सगळं की काहीच नाही, हे मला त्या डोळ्यांतून काढता आलं नाही, आणि आता कधी येणारही नाही.

"शाबास!" वहिनीने टाळी वाजवली. "समजतं हो त्यांना सगळं. मी म्हणते ना, सगळं समजतं." तिने त्याचा हात हळूच कानावरून काढून चादरीवर ठेवला, आणि टॅब माझ्या मांडीवर देऊन मला अगदी चिकटून बसली. आता सांगितलं तर ह्या बाईला काय मिळणार होतं? उभा होता तो तिचा नव्हे आणि पडला होता तो तिचा, आणि तो किती वेळ पडून होता हे कोपऱ्यात आकड्यात लिहिलेलं. आणि न सांगावं तर माझा पाठीचा कणा घेऊन दादा तिच्या आठवणीत जन्मभर उभा राहणार, आणि माझ्या वाटणीचा कान धरून तो इथे बसणार. मला दोन्ही दिसत होतं, अगदी स्वच्छ, आणि माझं बोट हलत नव्हतं.

"परत लाव ना," वहिनी म्हणाली. "ते उभे आहेत तिथपासून."

मी उभा होतो तिथपासून मी परत लावलं.